बरणीवरचं माझं नाव

लांडगीनं पिल्लं कुठं घातली आहेत हे मी आमच्या प्राणीशास्त्राच्या सरांना सांगितलं. चूक म्हणाल तर एवढीच, एका वाक्यात मावणारी. ती करायला मला उंब्रजच्या एसटी स्टँडवर एक प्लेट कांदाभजी संपेपर्यंतचा वेळ लागला. पुढं आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, त्यातल्या काही तर लग्नाच्या मांडवात चारशे माणसांदेखत केल्या. पण त्या सांगताना लोक हसतात आणि मीही हसतो. ही सांगताना लोक हसतात आणि मी चष्मा पुसायला घेतो.

आमची वस्ती कवठे महांकाळच्या पूर्वेला, गावापासून तासभराच्या चालीवर, उघड्या माळावर होती. दोन खोल्या, वर पत्रा, दारात एक वाकडी बाभळ, आणि बाभळीपलीकडं मेंढरांचा तळ. तळाभोवती वाघर लावलेली असायची, म्हणजे दोरीची विणलेली जाळी. सत्तर मेंढरं एकदम रवंथ करू लागली की लांब कुणीतरी जाडंभरडं कापड सावकाश फाडतंय असं वाटायचं. त्यात एक म्हातारी मेंढी माणसासारखी खोकायची. तिला आमची आत्ती ‘सरपंच’ म्हणायची, कारण ती खोकली की बाकीच्या माना वर करून बघायच्या आणि पुन्हा आपापल्या कामाला लागायच्या. सांगलीला होस्टेलवर गेल्यावर पहिले पंधरा दिवस मला झोप लागली नाही ती घरच्या आठवणीनं नव्हे, या खोकल्यावाचून. शेवटी खोलीतल्या मित्राला सर्दी झाली तेव्हा कुठं मी गाढ झोपलो.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची, आबांची थोरली बहीण. तिचा नवरा फौजेत गेला तो तिकडंच कुठंतरी दुसरा संसार मांडून राहिला, आणि आत्ती एक ट्रंक घेऊन माहेरी आली ती कायमची. घरातला स्वयंपाक आई करायची, पण हुलग्याचं माडगं मात्र आत्तीच्याच हातचं. हुलगं भाजायला घेतलं की त्याचा खरपूस, किंचित मातकट वास पार ओढ्यापर्यंत जायचा. मग ते जात्यावर भरडून, पाण्यात शिजवून, मूठभर गूळ टाकून पितळीत ओतायचं. ते पिताना बोलायचं नाही असा आमच्या घरात नियम होता. नियम आत्तीनं केला होता, आणि तिला स्वतःला तो लागू नव्हता. माडगं वाढतानाच ती जगातल्या समस्त पुरुषजातीवर बोलून घ्यायची. गोड बोलणाऱ्या माणसाच्या हातात पिशवी असली तर आधी पिशवीत काय आहे ते बघावं, हे तिचं ठेवणीतलं वाक्य. मी ते लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलं होतं. शेकडो वेळा ऐकलेली गोष्ट माणूस ऐकत नाही, एवढंच.

आबांनी आणि त्यांचे दोस्त बापू यांनी तीस वर्षं एकत्र पायपीट केली होती. बापूंची वस्ती ओढ्यापलीकडं. दिवाळी झाली की दोघांचे कळप निघायचे, कुंडलकडच्या काळ्या रानात उसाच्या पट्ट्यात जायचे, लोकांच्या शेतात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला माघारी. मी कॉलेजात गेलो तोवर आबांचे गुडघे गेले होते आणि बापूंना धाप लागायची, म्हणून दोघांनीही कळप लहान करून माळावरच राहायचं ठरवलं होतं. रोज दिवस कलला की बापू ओढा ओलांडून यायचे, घोंगडं अंथरायचे, आबांच्या चंचीतली तंबाखू घ्यायचे, आणि दोघं तासभर बसायचे. त्या तासात चार वाक्यं झाली तर पुष्कळ. मला तेव्हा वाटायचं, यांच्याकडं बोलायला काही उरलेलं नाही. आता माझ्या फोनवर एकशे नव्वद माणसांचा एक ग्रुप आहे, आणि त्यातल्या एकाशीही मी तसा तासभर गप्प बसू शकत नाही.

आमच्याकडं लांडग्याचा एक रिवाज होता. कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण माळावरचा प्रत्येक मेंढका तो पाळायचा. वर्षातून दोन-तीन कोकरं लांडगा न्यायचा. कुत्री भुंकायची, आबा काठी आपटायचे, ओरडायचे. पण एकदा कोकरू गेलं की गेलं. पाठलाग नाही, विषाचं मांस टाकणं नाही. “त्याचा वाटा गेला,” म्हणायचं आणि पाणी प्यायचं. आणि दुसरं, याहून महत्त्वाचं: लांडगीनं बीळ धरलंय असं दिसलं, तर त्या बाजूला मेंढरं न्यायची नाहीत, पिल्लं पळती होईपर्यंत त्या वाटेनं स्वतःही जायचं नाही, आणि कुणाला सांगायचं नाही. बायकोलासुद्धा नाही. त्या बाजूला ज्याची वस्ती जवळ असेल त्या मेंढक्याला तेवढं सांगायचं, म्हणजे त्यानं कळप आवरावा. बापानं पोराला मात्र एकदा, पोरगा जाणता झाला की, बीळ लांबून दाखवायचं आणि त्याच्याकडून शब्द घ्यायचा.

त्या संक्रांतीला मी घरी आलो होतो. कॉलेजचं पहिलं वर्ष, ओठावर नुकती उगवलेली मिशी, आणि प्रत्येक वाक्यात एक इंग्रजी शब्द घालायची खोड. आबा म्हणाले, चल. आम्ही अर्धा तास चाललो. एका उतारावर ते पालथे झोपले, मीही झोपलो, आणि कुसळं पोटाला टोचत असताना पलीकडच्या घळीतल्या एका काळ्या भोकाकडं बघत राहिलो. बऱ्याच वेळानं ती आली. मी लांडगा आधी पाहिला होता, पण पळताना. ही चालत आली. अंग हडकलेलं, सड लोंबलेले. भोकाशी थांबली, वाऱ्यावर नाक धरलं, आणि आत गेली. परत येताना मी आबांना विचारलं की आपली कोकरं खाणाऱ्या जनावराची एवढी बडदास्त कशाला. आबा चालता चालता म्हणाले, “लांडगा हाय म्हणून माळ हाय, लेका. त्यो हाय तवर ह्यो माळ मेंढराचा. त्यो गेला की उद्या कुणीबी नांगर घिऊन यील.” पुढं म्हणाले की लांडगा कळपातलं दुखणाईत जनावर आधी उचलतो, रोग आत शिरू देत नाही, भटक्या कुत्र्यांना माळावर पाय ठेवू देत नाही, आणि मेंढक्याला झोपू देत नाही. मग थांबून त्यांनी माझ्याकडं बघितलं. आता तुला, मला आणि बापूला ठाऊक, म्हणाले. चौथं माणूस न्हाई. मी मान डोलावली. इंग्रजीत ‘प्रॉमिस’ही म्हणालो.

आता आमचे सर. कॉलेजात पोरं त्यांना ‘दुर्बीण’ म्हणायची, कारण वर्गात असोत की कँटीनमध्ये, गळ्यात दुर्बीण असायचीच. मी त्यांचा लाडका होतो. मेंढक्याचा पोरगा, माळावरचा, पक्ष्यांची गावठी नावं माहीत असणारा. सर मला इतरांपुढं उभं करून म्हणायचे, हा आपला खरा प्राणीशास्त्रज्ञ. एवढ्या एका वाक्यावर मी तीन महिने जगलो. दर शनिवारी लॅबमधल्या संग्रहालयाचं कपाट पुसायचं काम त्यांनी माझ्याकडं दिलं होतं, आणि ते काम मी एखाद्या पुजाऱ्याच्या थाटात करायचो. बरण्यांमधले बेडूक, साप, विंचू, सगळे फॉर्मॅलिनमध्ये पिवळे पडलेले. त्या वासानं डोळ्यांत पाणी यायचं आणि मला वाटायचं, हा विद्येचा वास.

जानेवारीच्या शेवटी साताऱ्यात वक्तृत्व स्पर्धा होती. विषय, नष्ट होत चाललेले वन्यजीव. सरांनी मला लांडग्यावर भाषण लिहून दिलं. भाषण खरोखर उत्तम होतं. अन्नसाखळीतला एक दुवा निखळला तर साखळी लांब राहते, पण ती साखळी राहत नाही, असं काहीतरी त्यात होतं. मी ते होस्टेलच्या गच्चीवर आठवडाभर पाठ केलं. साताऱ्यात व्यासपीठावर उभा राहिलो, पहिलं मिनिट झकास गेलं, दुसऱ्या मिनिटाला सभागृहात मागं कुणीतरी खोकलं, मला आमची सरपंच मेंढी आठवली, आणि मी हसलो. हसू आवरेना. पुढचं भाषण मी ओठ दाबून, डोळे वटारून केलं. परीक्षकांना तो आवेश वाटला असावा, कारण मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिलं बक्षीस एका मुलीनं नेलं, आणि गंमत म्हणजे तिचाही विषय लांडगाच.

परतीच्या गाडीत मी फुगून बसलो होतो. उंब्रजला एसटी चहाला थांबली. सरांनी भजी मागवली, माझी समजूत घातली, ती मुलगी छान बोलली असंही म्हणाले. ते शेवटचं म्हणायला नको होतं. मी म्हणालो की तिनं लांडगा पुस्तकात बघितलाय, सर. आमच्या घराजवळ बीळ आहे. लांडगी व्यालीय. मी डोळ्यांनी पाहिलंय.

सरांचा भजी धरलेला हात तसाच राहिला. मला तो क्षण अजून आठवतो, कारण आयुष्यात माझ्या एखाद्या वाक्यानं इतका परिणाम कधी झाला नव्हता. मग त्यांनी हळू आवाजात दहा प्रश्न विचारले, मी दहाच्या दहा उत्तरं दिली. प्लेट संपली. गाडीत बसल्यावर मला आबांचा चेहरा आठवला. स्वतःशी म्हणालो, सर म्हणजे काही ‘माणूस’ नव्हे. चौथं माणूस नाही, असं आबा म्हणाले होते. सर तर लांडग्यांच्या बाजूचे.

पुढच्या रविवारी सर आमच्या वस्तीवर आले. मी आबांना सांगितलं की सरांना मेंढरं बघायची आहेत. सरांनी मेंढरं बघितली, लोकरीची कातरणी बघितली, आबांच्या पायांना वाकून नमस्कार केला. आबा लाजले. आमच्या आबांच्या पायाला कुणी शिकलेला माणूस त्याआधी वाकला नव्हता. सरांनी आत्तीसाठी सांगलीचं भडंग आणलं होतं, मोठी पिशवी. आत्तीनं पिशवी उघडून आत बघितलं, हुंगलं, मग पदराआड ठेवली. सरांनी माडगं दोनदा मागून घेतलं. दुपारी मी त्यांना ‘ओढा दाखवायला’ नेलं. उतारावर आम्ही पालथे झोपलो. पिल्लं आता बाहेर येत होती. चार. मातकट, मोठ्या डोक्यांची, स्वतःच्याच पायात पाय अडकून पडणारी. एकानं दुसऱ्याचा कान ओढला, तिसरं घसरत घसरत खाली आलं आणि वर कसं जायचं ते कळेना म्हणून बसून राहिलं. सरांनी दुर्बीण खाली घेतली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. ते खोटं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. माझा सगळा त्रास तिथंच आहे. माणूस खोटा रडला असता तर मी त्याला केव्हाच विसरलो असतो. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “सिद्धू, हे माझ्या पोटात राहील. काळजी करू नकोस.”

मंगळवारपासून सर रजेवर गेले. मी शनिवारी कपाट पुसलं आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी आलो. वस्तीवर पोचलो तर चूल पेटलेली, पण तिच्यावर काही चढवलेलं नव्हतं. आबा बाभळीखाली बसले होते. मग तो आवाज आला. लांडग्याचं ओरडणं मी ऐकलं होतं. ते लांबलचक असतं, त्यात एक प्रकारची ऐट असते. हे तसं नव्हतं. तुटक, मधेच थांबणारं, आणि पुन्हा दुसऱ्याच बाजूनं येणारं. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी होती. आत्ती दारात येऊन म्हणाली की चार दिवस झाले, दिवस मावळला की असंच चाललंय. ती हुडकतीय, म्हणाली.

आबा घळीकडं जाऊन आले होते. रिवाज मोडून गेले होते, कारण मोडायचा तो आधीच कुणीतरी मोडला होता. बिळाचं तोंड फावड्यानं रुंद केलेलं. लांडगीनं उरलेली पिल्लं उचलून दुसरीकडं नेली असावीत, पण एक कमी होतं, नाहीतर ती अशी फिरली नसती. आणि मातीत माग होता. चपलेचा नव्हता, अनवाणी पायाचा नव्हता. बुटाचा होता.

आमच्या माळावर बूट घालणारा एकच माणूस होता, बापूंचा थोरला, तानाजी. तो फौजेत होता आणि त्या आठवड्यात सुट्टीवर आलेला होता.

बापू नेहमीच्या वेळेला आले. घोंगडं अंथरलं, चंचीकडं हात केला. आबांनी चंची मागं घेतली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. आबा म्हणाले, “पोराला सांगितलंस व्हय, बापू?” बापूंना कळलंच नाही. मग आबांनी बुटाचा माग सांगितला, तानाजीचं नाव घेतलं, आणि तीस वर्षं त्या दोघांनी जेवढी वाक्यं वाचवून ठेवली होती ती सगळी एका दमात खर्च केली. बापू मधे एकदाच बोलले. तानाजीला बीळ ठाऊक नाही, एवढंच म्हणाले. आबा म्हणाले, मग तिघातलं कुणी सांगितलं? मी का माझ्या पोरानं? ह्यो तर लांडगं वाचवायचं शिकायला गेलाय.

ते ‘ह्यो’ म्हणताना त्यांनी माझ्याकडं बोट केलं, आणि बापूंनी माझ्याकडं बघितलं. मी काय केलं? मी वाघरीची एक गाठ सुटली होती ती बांधायला घेतली. ती गाठ सुटलेली नव्हती. मीच सोडली आणि मीच बांधली. मनात मात्र जोरात वकिली चालू होती: सर रजेवर आहेत, त्यांची आई आजारी असेल, बूट काय जगात दोनच माणसं घालतात का, सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. बापू उठले. घोंगडं झटकलं, एकदा, दोनदा, जणू आमच्या दारातली धूळ पण न्यायची नव्हती. ओढा ओलांडून गेले ते पुढं आले नाहीत. तानाजीला बापानं काय विचारलं माहीत नाही, पण तो सुट्टी संपायच्या आधीच निघून गेल्याचं आईनं नंतर सांगितलं.

पुढच्या शनिवारी मी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात एक नवी बरणी होती. बाकीच्या बरण्यांतलं पाणी पिवळं, हिचं स्वच्छ, नितळ, ओढ्याच्या डोहासारखं. आत ते पाय पोटाशी घेऊन बसल्यासारखं होतं. मोठं डोकं, कान अजून नीट उभेही न राहिलेले. बरणीवर सरांच्या मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठी: ‘लांडगा, पिल्लू. मृतावस्थेत सापडले. ठिकाण कवठे महांकाळ परिसर. देणगी:’ आणि पुढं माझं नाव. पूर्ण. बापाच्या नावासकट, आडनावासकट, वर्गासकट.

सर स्टाफरूममध्ये होते. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. खूप मायेनं बोलले. म्हणाले, तिथं ते वाचलं नसतं रे, कधीतरी गावकऱ्यांनी धूर करून मारलं असतं. मी वाचवायलाच आणलं. घरी बाटलीनं दूध पाजलं, रात्र रात्र जागलो, आठवडाभर जगलं. आता निदान पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांना बघायला तरी मिळेल. मी विचारलं की चिठ्ठीवर माझं नाव का. तेव्हा ते हसले. “अरे, माझं नाव तिथं घालता येत नाही. कायदा आहे, नोकरीचा प्रश्न येतो. तू विद्यार्थी, तुला मेलेलं सापडलं, तू आणून दिलंस. तुला कोण काय म्हणणार? उलट मान आहे तुझा.” आणि तोच हात, तोच खांदा.

मी ‘हो सर’ म्हणालो. हे मला अजून कुणी माफ केलेलं नाही, मी तर नाहीच. व्हरांड्यात उभं राहून, आपल्या नावाचं काय झालंय ते पुरतं कळल्यावर, मी ‘हो सर’ म्हणालो.

मग मी कपाटापाशी परत गेलो. किल्ली माझ्याकडंच होती, विश्वासू माणूस. बरणी होस्टेलच्या चादरीत गुंडाळली, पिशवीत घातली, आणि स्टँड गाठला. आयुष्यातली माझी पहिली आणि शेवटची चोरी, आणि तीही किती गाढवासारखी: झाकण नीट लावलेलं नव्हतं. मिरज सुटलं तोवर माझ्या शेजारची बाई डोळ्यांना पदर लावून रडत होती, पुढचे दोघं शिंकत होते, आणि एक पोरगं आईला विचारत होतं की आपलं कोण मेलंय. कंडक्टर तिकिटं फाडत आला, नाक धरून म्हणाला, काय हाय रं त्यात. मी म्हणालो, आत्तीच्या गुडघ्याचं औषध. त्यानं पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “गुडघा तरी ऱ्हाईल का त्येनं?” म्हणाला, आणि मला मागच्या दारापाशी उभं केलं. कवठे महांकाळपर्यंत मी त्या दारात, बरणी पोटाशी धरून, वाऱ्यात उभा होतो. लोक हसत होते. मीही थोडा हसलो असेन. सवय.

घरी आबांच्या पुढं मी चादर सोडली. सांगायला किती वेळ लागला कोण जाणे. उंब्रजची भजीसुद्धा सांगितली. आईनं तोंडाला पदर लावला. आत्ती आत गेली आणि त्या भडंगाची रिकामी पिशवी, जी तिनं धुऊन घडी करून ठेवली होती, ती चुलीत घातली. प्लास्टिक जळाल्याचा वास घरभर झाला. आबा मला मारतील असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी बरणीवर चादर पुन्हा ओढली. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि फक्त म्हणाले, उचल ती.

आज मी हे लिहितो आहे तिथून तो उतार दिसतो. त्यावर आता द्राक्षबाग आहे, पलीकडं पवनचक्क्या फिरतात. नांगर आले, आबा म्हणाले होते तसेच. लांडगा सात-आठ वर्षांत कुणी पाहिलेला नाही. त्याच्या जागी कुत्र्यांच्या टोळ्या आल्या आहेत. त्या भूक नसतानाही मारतात, एका कळपातली आठ-दहा मेंढरं फाडून तशीच टाकून जातात. शाळांमधून मला अजून कुणी कुणी बोलवतं, वन्यजीव कसे वाचवावेत यावर दोन शब्द सांगा म्हणून. मी जातो. माझ्याकडं दोनच शब्द आहेत: तोंड मिटा. पोरांना ते भाषण आवडत नाही, फार आखूड होतं. मग मी त्यांना सांगतो की जनावर वाचवायचं तर त्याची जागा वाचवावी लागते, आणि जागा वाचवायची तर आधी तिथं न जायला शिकावं लागतं. फोटो काढायलासुद्धा नाही. मुलं माना डोलवतात. मी पण डोलावली होती.

त्या दिवशी बरणी घेऊन, ओढा ओलांडून आम्ही बापूंच्या वस्तीवर गेलो तेव्हा ऊन अजून होतं. बापू कोकराचा खूर साफ करत बसले होते. आबा न बोलावता त्यांच्या अंगणात खाली मातीतच बसले, कमरेची चंची काढली आणि पुढं धरली. बापूंनी घेतली नाही. आबांनी हात मागं घेतला नाही. मी बरणी मधे ठेवली आणि दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी लवकर संपलं, कारण बापूंच्या तोंडाकडं बघून मला कुठलीच सबब सुचेना. बापूंनी कोकरू सोडलं, हात धोतराला पुसले, बरणी उचलून उन्हात धरली. त्यांना वाचता येत नव्हतं. चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाले, काय लिवलंय, वाच. मी वाचलं. नावाशी आलो आणि थांबलो. म्होरं, म्हणाले. मी नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, आडनाव वाचलं.

बापूंनी बरणी अलगद खाली ठेवली. आबांच्या हातातल्या चंचीतून चिमूटभर तंबाखू घेतली, तळहातावर मळली, अर्धी आबांच्या तळहातावर टाकली. मग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

“ह्येला डोळं उगडून पंधरा-ईस दिस झालं हुतं,” म्हणाले, “म्हून गावलं त्ये. तुला अठरा वर्सं झाली. तू कसा गावलास रं?”